सेल्फ

मोटारींबरोबर जे इंग्रजी शब्द आपल्याकडे आले, त्यांतील बहुतेकांनी उच्चार थोडाफार बदलला तरी अर्थ मूळचाच ठेवला. क्लच, गिअर, ब्रेक, बॉनेट हे शब्द आता मराठीच झाले आहेत. त्यांना प्रतिशब्द सुचवण्याचे श्रमही कोणी घेत नाही. एका शब्दाच्या वाट्याला मात्र वेगळे भाग्य आले. बंद इंजिनाला पहिली फिरकी देणाऱ्या विजेच्या मोटारीचे इंग्रजी नाव ‘सेल्फ-स्टार्टर’ असे होते. इंग्रजी बोलणाऱ्यांनी कालांतराने त्यातील पहिला शब्द गाळला आणि ‘स्टार्टर’ ठेवला. आपल्याकडच्या मिस्त्रींनी दुसरा गाळला आणि ‘सेल्फ’ ठेवला. कोल्हापूर असो, इंदूर असो की हैदराबाद, गॅरेजात ‘सेल्फ गेला’, ‘सेल्फ बसला’, ‘सेल्फ काढून बाहेर ठेवलाय’ अशा अर्थाची वाक्ये दिवसभर ऐकू येतात. अध्यात्माची गोडी असलेल्या एखाद्या गृहस्थाच्या कानी ती पडली, तर तो घटकाभर थबकेल. मिस्त्रीला त्यात काही गूढ वाटत नाही. त्याच्या लेखी सेल्फ म्हणजे वीतभर लांबीचा, हातात घेतल्यावर अपेक्षेपेक्षा जड लागणारा एक लोखंडी डबा. त्याच्या पोटात तांब्याच्या तारा आणि तोंडाशी एक लहानसे दातेरी चाक.

हा डबा येण्यापूर्वी इंजिन हाताने फिरवावे लागे. गाडीच्या तोंडाशी वाकायचे, हँडल आत घालायचे आणि श्वास रोखून झटका द्यायचा. इंजिन अवेळी पेटले तर हँडल उलट फिरे आणि मनगट मोडे. जुने ड्रायव्हर नव्या पोराला हँडल धरायला शिकवीत, तेव्हा पहिला धडा अंगठ्याचा असे. अंगठा मुठीवर वळवायचा नाही, चार बोटांच्या बाजूलाच ठेवायचा. म्हणजे हँडल उलटले तरी ते हातातून सुटून जाईल, हाताला बरोबर नेणार नाही. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग या अभियंत्याने १९११ साली या त्रासावर उपाय काढला आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत तो बसवला गेला. केटरिंग त्यापूर्वी ओहायो राज्यातील डेटन गावी दुकानांची रोकड-यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यात होता आणि त्या यंत्राला त्याने विजेची मोटार जोडून दिली होती. रोकड-यंत्राला जोर लागतो तो क्षणभर. मधला सगळा वेळ ते स्वस्थ असते. लहान मोटारीकडून तिच्या कुवतीबाहेरचे काम करून घेता येते, मात्र ते काही सेकंदांचे असले पाहिजे आणि तापून जळण्याआधी तिला विसावा मिळाला पाहिजे. दुकानातील गल्ल्यापाशी उमगलेली ही गोष्ट त्याला इंजिनापाशी उपयोगी पडली. सेल्फचे सामर्थ्य तिच्यात आहे, आणि त्याचे बरेचसे आजारही तिच्यातूनच उद्भवतात.

आपल्या देशात हँडल पुष्कळ टिकले. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून मे २०१४ पर्यंत ज्या ॲम्बॅसडर गाड्या बाहेर पडत राहिल्या, त्यांतील जुन्या गाड्यांना समोरच्या बाजूस हँडलसाठी भोक ठेवलेले असे आणि डिकीत हँडलही असे. मूळ गाडी इंग्लंडची, मॉरिस ऑक्सफर्ड; तिच्या घडणीत विजेवर पूर्ण विसंबण्याची वृत्ती नव्हती. सेल्फ रुसला तर माणसाने खाली उतरावे, अशी तरतूद त्या गाडीने स्वतःच करून ठेवली होती. माणूस ऐंशीच्या घरात पोचला की त्या तरतुदीचा उपयोग उरत नाही, एवढाच तिच्यातील दोष.

मिरजेतील एका निवृत्त शिक्षकांकडे १९८६ सालची अशी एक ॲम्बॅसडर होती. १९९३ साली एका साखर कारखान्याने जुन्या गाड्यांचा लिलाव केला, त्यात ती त्यांनी घेतली. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडी परिवहन कार्यालयात तपासणीला न्यायची, पर्यावरणाचा जादा कर भरायचा आणि नोंदणी वाढवून आणायची, हे सोपस्कार त्यांनी २००१ पासून पाच वेळा न कंटाळता केले. सरांना जुन्या वस्तूंचा षोक नव्हता. घरात शोभेची जुनी वस्तू एकही नव्हती आणि गाडीला फुले वाहण्याचा प्रकार दसऱ्याच्या दिवसापुरताच होता. गाडी ठेवण्याचे कारण वेगळे होते. त्यांच्या पत्नीला मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिससाठी रुग्णालयात न्यावे लागे. गुडघे वाकत नसल्याने आजकालच्या बुटक्या मोटारींत त्यांना शिरता येत नसे. रिक्षाचे हादरे परतीच्या वाटेवर सोसत नसत. ॲम्बॅसडरची मागची बैठक खुर्चीइतकी उंच, दार रुंद. बाई तिच्यात आधाराशिवाय बसत. बंगळूरला असलेला मुलगा दर फोनवर ‘ती गाडी काढून टाका’ म्हणे आणि सर दर वेळी ‘बघू’ म्हणत.

२०२२ च्या पावसाळ्यात गाडी हट्ट करू लागली. सकाळी घरून निघताना ती बिनतक्रार चालू होई. रुग्णालयातून परतताना मात्र किल्ली फिरवली की एक ‘टक्’ असा आवाज येई आणि पुढे काही नाही. दहा मिनिटे थांबले तर कधी चालू होई, कधी होत नसे. मग फाटकावरचे रिक्षावाले आणि वॉर्डबॉय धक्का मारीत. चार तास सुईवर काढून थकलेल्या बाई मागे बसलेल्या असत. त्यांना पुन्हा उतरवणे शक्य नसे. त्यांच्यासकट गाडी ढकलली जाई आणि त्या सगळा वेळ समोरच्या सीटच्या पाठीकडे पाहत राहत. घरी आल्यावर याविषयी त्या काही बोलत नसत. सरांना ते बोलण्यापेक्षा अधिक लागे.

जवळच्या गॅरेजवाल्याने निदान लगेच केले. गरम झाल्यावर त्रास होतो, म्हणजे सेल्फ बसला, बदलून टाकू. हे निदान अडाणीपणाचे नव्हते. तापलेल्या तारेचा रोध वाढतो, झिजलेले बुश गरम झाल्यावर अधिक अडतात आणि जुना सेल्फ उन्हाळ्यात हात टेकतो, हा अनुभव खरा आहे. सेल्फ बदलला गेला. आठ दिवस गाडी नीट चालू झाली आणि नवव्या दिवशी, शुक्रवारी, फाटकापाशी पुन्हा ‘टक्’.

जुन्या वाहनाच्या बाबतीत संशय नेहमी शेवटच्या माणसावर जातो. बॅटरी, तिची दोन टोके, जाड तारा, सोलेनॉइड, इंजिनाला गाडीच्या अंगाशी जोडणारी अर्थिंगची पट्टी आणि शेवटी सेल्फ, अशी ती साखळी असते. यांतील कोणीही काम चुकवले तरी फिरायचा थांबतो तो सेल्फच. लग्नघरात शिधा वेळेवर आला नाही, चूल पेटली नाही, पाणी भरले गेले नाही, तरी बोल आचाऱ्याला लागतो, त्यातलाच हा प्रकार. शिवाय सेल्फ बदलणे हे दिसणारे काम आहे. जुना काढला, नवा बसवला, पैसे कशाचे घेतले ते गिऱ्हाइकाला हातात घेऊन पाहता येते. एका गंजक्या बोल्टाला कानस मारून तो परत आवळण्याचे पैसे कोण देणार? निदानाची मजुरी द्यायला आपण अजून शिकलेलो नाही. सुट्या भागाच्या किमतीत ती लपवून घ्यावी लागते, आणि मग भाग बदलल्यावाचून निदानही होत नाही. गॅरेजवाल्याला यात एकट्याने दोषी धरणे बरोबर होणार नाही.

स्टेशनकडच्या रस्त्यावर एका वयस्क ऑटो-इलेक्ट्रिशियनचे दुकान आहे, तिथे सर गेले. दुकान म्हणजे दोन पत्र्यांमधली जागा. तारेवर ओवलेले कार्बन, तेलाच्या डब्यात भिजत घातलेले पितळी बुश, कोपऱ्यात मांडलेली आर्मेचरे. हा मिस्त्री पन्नास वर्षांपूर्वी सरांच्या वर्गात होता. नववीनंतर शाळा सुटली. सर अजून त्याला ‘अरे’ म्हणतात आणि तो त्यांच्यासमोर स्टुलावर बसत नाही. त्याने बॉनेट उघडले नाही. आधी सरांनाच विचारले, “आवाज कसा येतोय, सर? येकदाच का लागून?”

या प्रश्नात अर्धे शास्त्र आहे. किल्ली फिरवल्यावर ‘कट्कट्कट्’ असा लागोपाठ आवाज आला, तर बॅटरी दमलेली असण्याचा संभव अधिक. सोलेनॉइड संपर्क जुळवतो, सेल्फ वीज ओढू लागताच बॅटरीचा दाब कोसळतो, सोलेनॉइडची पकड सुटते, दाब पुन्हा चढतो आणि तो पुन्हा जुळवतो. ही ओढाताण सेकंदात कित्येकदा चालते. एकच ठाशीव ‘टक्’ आला आणि मग शांतता, तर सोलेनॉइडने आपले काम केले आहे. वीज त्याच्या पुढे कुठेतरी अडते आहे. नुसतीच ‘सूंऽऽ’ अशी सुसाट फिरकी ऐकू आली आणि इंजिन हलले नाही, तर सेल्फ ठणठणीत आहे, मात्र त्याचे दातेरी चाक इंजिनाच्या चाकात शिरत नाही. जुन्या सेल्फात हे चाक आट्यांच्या दांड्यावर नटासारखे बसवलेले असते. दांडा एकाएकी फिरला की चाक जडत्वामुळे मागे राहते आणि आट्यांवरून सरकत पुढे जाऊन इंजिनाच्या दातांना भिडते. इंजिन पेटले की त्याच्याच वेगाने मागे फेकले जाते. गॅरेजात या जोडणीला ‘बेंडिक्स’ म्हणतात आणि ते व्हिन्सेंट बेंडिक्स या अमेरिकी उद्योजकाचे नाव आहे, हे तिथे कोणाला ठाऊक असण्याची गरजही नाही. या आट्यांना तेल घालण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. तेलावर क्लचची धूळ बसते, तिचा चिखल होतो आणि चाक जागीच चिकटते. रॉकेलने धुऊन आटे कोरडे ठेवणे, एवढेच त्याला हवे असते. चौथा आवाज खरखरीचा. त्याची गोष्ट पुढे येईल.

मिरज हे सतार-तंबोऱ्यांचे गाव. तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवून जवारी काढणारा कारागीर तार छेडतो, थांबतो, पुन्हा एखादा हलका हात मारतो. त्याच्या कानाची कीर्ती देशभरच्या गवयांपर्यंत पोचलेली आहे. त्याच गावात, त्याच जातीचा कान पत्र्याच्या दुकानात बसलेला आहे, याची वार्ता मात्र मिरजेबाहेर जात नाही.

मिस्त्रीने गाडी पत्र्याच्या सावलीत घेतली, हँडब्रेक ओढला, गिअर न्यूट्रलला असल्याची स्वतः खात्री केली आणि कॉइलची वायर काढून ठेवली, म्हणजे सेल्फ फिरला तरी इंजिन पेटणार नाही. मग त्याने हेडलाइट लावायला सांगितले. समोरच्या भिंतीवर दोन पिवळे गोल उमटले. “आता किल्ली फिरवा, सर, आणि लाइटकडं बघा.” ही परीक्षा फार जुनी आणि फुकटची आहे. किल्ली फिरवताच दिवे अगदी विझू लागले, तर बॅटरी अशक्त आहे, किंवा सेल्फ कुठेतरी अडकून नुसतीच वीज पितो आहे. दिवे तसेच लख्ख राहिले, तर सेल्फपर्यंत वीज जातच नाही. सरांच्या गाडीचे दिवे किंचित मंदावले आणि मंदावलेलेच राहिले. ‘टक्’ झाले. इंजिन हलले नाही.

बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवी बुरशीसारखी पूड साचली होती. खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने ती धुतली, पाणी घरांत जाऊ नये म्हणून झाकणे आवळली, टोके कानशीने चकचकीत केली, आवळली आणि वर व्हॅसलीन फासले. ॲसिडचे घनत्व पाहिले; सहाही घरे सारखी भरली. फरक पडला नाही. मिस्त्रीला त्याचे काही वाटले नाही. स्वस्त आणि सोपे ते आधी तपासायचे, त्याने दोष सापडला नाही तरी तेवढे कारण बाद झाले, ही त्याची रीत. मग त्याने किल्ली तीन-चार वेळा फिरवायला लावली आणि कारब्युरेटरपाशी हात नेला.

“सर, हिकडं या. ह्या तारेला बोट लावा.”

ती चोकची तार होती. डॅशबोर्डपासून कारब्युरेटरपर्यंत जाणारी, पोलादी, काडीएवढी जाड. विजेशी तिचा काहीही संबंध नसतो. सरांनी बोट लावले आणि चटका बसून मागे घेतले.

“सेल्फ बरा हाय, सर. पयला बी बराच आसंल. त्येला खायलाच मिळंना झालंय.”

ॲम्बॅसडरचे इंजिन रबरी तक्क्यांवर बसवलेले असते, हादरे अंगात जाऊ नयेत म्हणून. रबरातून वीज जात नाही. बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या अंगाला जोडलेले, सेल्फ इंजिनाला जोडलेला. या दोहोंमध्ये एक विणलेली तांब्याची पट्टी असते. सेल्फमधून गेलेली सगळी वीज तिच्यातूनच परत येते. ही पट्टी खाली, चिखल उडतो त्या जागी असते. गाडी धुणाऱ्याला ती दिसत नाही, मालकाला तिचे नाव माहीत नसते. सरांच्या गाडीतील पट्टी जागेवर होती. तिच्या बोल्टाखाली मात्र गंजाचा पापुद्रा धरला होता आणि विणीच्या निम्म्या तारा तुटल्या होत्या. वीज आडवाट शोधते. तिला चोकची तार सापडली. गाडी थंड असताना जेमतेम भागत होते. गरम झाल्यावर तेही भागेना. ही तार अशीच तापत राहिली असती, तर पेट्रोलच्या शेजारी काय झाले असते याचा विचार सरांनी नंतर केला आणि बाईंपाशी तो बोलून दाखवला नाही.

मिस्त्रीने मीटर शेवटी काढला, तोही सरांच्या समाधानासाठी. एक टोक इंजिनाला, दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला. जोडणी निरोगी असेल तर किल्ली फिरवताना काटा जागचा जेमतेम हलावा, पाव व्होल्टाच्या आत राहावा. तो अडीच व्होल्टांपर्यंत गेला.

त्या रात्री सरांनी एका जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीमागे आकडे मांडले. ओहमचा नियम त्यांनी एकतीस वर्षे शिकवला होता. फळ्यावरची उदाहरणे नेहमी दोन ओहम, पाच ओहम, दहा ओहम अशी असत, कारण मुलांना गुणाकार सोपे जावेत. घरातल्या पंख्याला अर्धा अँपिअरही लागत नाही. सेल्फ इंजिन फिरवताना दीडशे-दोनशे अँपिअर सहज ओढतो, आणि अडलेल्या स्थितीतून सुटतानाच्या पहिल्या क्षणी त्याहूनही अधिक. जोडात एक शतांश ओहमाचा रोध आला, म्हणजे शाळेतल्या कुठल्याही उपकरणाला दिसणार नाही एवढा, तरी दोनशे अँपिअरला दोन व्होल्ट त्या जोडातच जिरतात. बाराची बॅटरी ओझ्याखाली दहावर आलेली असते. त्यातले दोन गंजाने खाल्ले की सेल्फच्या वाट्याला आठ उरतात. आणि गंमत अशी की हाच जोड किल्ली न फिरवता मीटरने तपासला, तर सुरेख बारा व्होल्ट दाखवतो. त्यावर लहानसा दिवा जोडला तर तोही प्रकाशतो. पहिल्या गॅरेजवाल्याने दिवा लावूनच पाहिले होते आणि तो लागला होता. काम पडल्याशिवाय या जोडाचा खोटेपणा कळत नाही. सरांनी कागद घडी करून गाडीच्या पुस्तकात ठेवला.

नवी पट्टी बसली, बोल्टाखालची जागा लखलखीत झाली, आणि गाडी अशी चालू होऊ लागली की सरांना किल्ली सोडायला उशीर होई. जुना सेल्फ गॅरेजवाल्याकडे पडून होता. सरांनी तो मागून आणला आणि मिस्त्रीकडे दिला. त्याने खोलला. कार्बन अर्ध्याहून अधिक शिल्लक, तारांना वास नाही, आर्मेचर चुंबकांना घासल्याच्या खुणा नाहीत. कम्युटेटरवर काळी झाक होती, ती त्याने लेथवर अगदी बारीक घास घेऊन काढली आणि तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक तुटक्या करवतीच्या पात्याने खाली कोरला. अभ्रक तांब्याच्या बरोबरीने उभा राहिला तर कार्बन त्यावर उड्या मारतो. बंद पडलेल्या सेल्फवर स्पॅनर ठोकला की तो एकदा चालू होतो, हा जो चमत्कार हमरस्त्यांवर नेहमी घडतो, त्याचे मर्मही इथेच आहे: झिजून तोकडा झालेला किंवा खोबणीत अडकलेला कार्बन धक्क्याने क्षणभर तांब्याला टेकतो. तेवढ्यावर घरी यावे आणि कार्बन बदलून घ्यावा. लोक तेवढ्यावर वर्ष काढतात.

आता ही कामे करणारी माणसे थोडी उरली आहेत. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची प्रीमिअर पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला रस्त्यावर आली होती. वीस वर्षांची मर्यादा भरताच २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही गेली. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या त्या गाड्यांवर शहरातल्या कितीतरी वायंडरांचे संसार उभे होते. नव्या गाडीचा सेल्फ बंदिस्त येतो, बिघडला तर सबंध बदलतात, आणि तो बिघडल्याचेही संगणक सांगतो. यात वाईट काही नाही; नवा सेल्फ हलका असतो, कमी वीज घेतो आणि वर्षानुवर्षे आठवण करून देत नाही. मिरजेच्या मिस्त्रीचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो. बापाने त्याला अडवले नाही.

दिवाळीनंतर गाडीने नवा आवाज काढला. दहा-पंधरा खेपांत एकदा, किल्ली फिरवताच ‘खर्रर्र’. दळताना जात्यात खडा यावा तसा. खरे तर तो नवा नव्हता. पावसाळ्यातही एक-दोनदा झाला होता, परंतु ‘टक्’च्या धास्तीत त्याच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. मिस्त्री आला, ऐकले, आणि गाडी टॉप गिअरमध्ये टाकून त्याने ती हातभर पुढे ढकलली. न्यूट्रल करून किल्ली फिरवली; पहिल्याच फिरकीला इंजिन पेटले.

चार सिलिंडरांचे इंजिन बंद होताना वाटेल तिथे थांबत नाही. कोणत्या तरी सिलिंडरातली दाबलेली हवा त्याला अडवते आणि ते बहुधा दोनच जागी स्थिरावते, एकमेकींसमोरच्या. त्यामुळे सेल्फचे चाक दर वेळी फ्लायव्हीलच्या कडीच्या त्याच दोन जागांवर आदळते. छत्तीस वर्षे हजारो वेळा तिथेच आदळून तिथले दात बोथट झाले होते. उरलेली कडी कोरीसारखी होती. गाडी हातभर ढकलली की इंजिन थोडे फिरते आणि चांगले दात समोर येतात. ही झाली वेळ मारून नेण्याची युक्ती. इलाज एकच, गिअरबॉक्स उतरवायचा, फ्लायव्हील काढायचे, कडी तापवून सैल करायची आणि पाव फेरा फिरवून पुन्हा बसवायची. थंड होताना ती स्वतःच घट्ट आवळून बसते. जास्त तापली तर दातांचे पाणी उतरते, तेव्हा हात सांभाळून.

“नवी कडी मिळेल का रे?”

“मिळंल, सर, शोधली तर. पर हीच फिरवून घालू. तुमच्या गाडीचं लोखंड चांगलं हाय.”

किती वर्षे चालेल, हे सरांनी विचारले नाही आणि मिस्त्रीनेही सांगितले नाही. नोंदणीची मुदत २०२६ पर्यंत होती. बाईंच्या प्रकृतीबद्दल डॉक्टर महिन्याच्या हिशेबाने बोलत. कामाला दोन दिवस लागणार होते. एक उतरवायला, दुसरा कडी बसवून सगळे परत जोडायला. मंगळवार आणि शुक्रवार सोडून द्यायचे होते. बुधवारी सकाळी गाडी न्यायची आणि गुरुवारी संध्याकाळी सातच्या आत दारात आणून लावायची, असे ठरले. मधल्या मंगळवारी रुग्णालयाच्या आवारात गाडी कुठे उभी करायची, तेही मिस्त्रीने सांगून ठेवले. कडुलिंबाच्या पलीकडे जमिनीला थोडा उतार आहे, तिथे, तोंड फाटकाकडे करून.